डकेटची पन्नास माणसं

अर्डिस ग्रूव्हर पाच वेळा तिच्या पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेली आणि त्यातल्या चार वेळा आम्ही माझ्या बारमध्ये बसून तिच्याऐवजी कपड्याच्या साबणाची जाहिरात पाहिली. पक्ष कोणता ते मी सांगणार नाही. माझ्या बारमध्ये पक्षाचं नाव घ्यायचं नाही असा नियम आहे, भिंतीवर लिहिलाय, आणि मीच तो मोडला तर गिऱ्हाइकांना कोणत्या तोंडानं अडवू? वर्षही सांगत नाही, कारण वर्षावरून पक्ष ओळखणारे दोनतीन शहाणे आमच्याकडेही आहेत. एवढंच सांगतो की तिचा पक्ष तो माझा नव्हे.

आमचं डकेट वायोमिंगमध्ये. एक शाळा, एक बार, एक पेट्रोल पंप आणि बाकी सगळा वारा. पंप अर्डिसच्या नवऱ्याचा, मर्लचा. तो दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली आठ पेट्रोलबद्दल. अर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती, सव्वीस वर्षं. गुरुवारी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल असायचे, आणि त्या दिवशी शाळा सोडून तीस वर्षं झालेली माणसंही, मला धरून, काहीतरी निमित्त काढून तिकडे डोकावायची. ती दारात उभी राहून बोटानं मुंडकी मोजायची, तेवढ्या ताटल्या मांडायची, वाढायची. स्वतः पातेल्यापाशी उभ्यानंच झाकणावर घेऊन काहीतरी खायची. निदान मला तसं वाटायचं. बघायला कोण गेलंय!

तोंडानं फटकळ. उमेदवारांचा वादविवाद टीव्हीवर असला की ती स्टूल ओढून टीव्हीपासून दोन फुटांवर बसायची. मी आवाज बंद ठेवायचो.

"हॉलिस, आवाज वाढव."

"कशाला? दोघंही खोटंच बोलणार आहेत."

"कसं बोलतात ते ऐकायचंय मला. आणि ग्लासवर लक्ष ठेव. समोरचा बोलताना जो घटाघटा पाणी पितो, त्याला त्याचं काही ऐकू येत नसतं. माझ्याकडे अशी पोरं यायची. वाढताना बडबड, आणि मग विचारणार, 'आज काय आहे?'"

सांगायला लाज वाटते, पण पाण्याच्या ग्लासावरून तिनं काढलेले निकाल वर्तमानपत्रांपेक्षा बरे निघत.

अधिवेशनातली भाषणं तिला फार आवडत. उमेदवाराचं नाव सुचवणारी भाषणं तर ती परत आल्यावर आम्हाला करून दाखवायची, हातात झारा घेऊन. "बघ, अर्धा तास तो माणूस नुसतं 'असा एक नेता', 'असा एक नेता' करत राहतो. नाव म्हणून घेत नाही. का? नाव घेतलं रे घेतलं की आरडाओरडा, बँड, नाच. मग त्याचं कोण ऐकतंय? गोड शेवटी ठेवलं की पोरं गाजरं खातात, तसंच आहे ते."

या सगळ्या थाटात आमच्या राज्याचं नशीब मात्र फुटकं. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला मतं नोंदवताना एकेका राज्याचं नाव पुकारतात. पुकारलं की त्या राज्याचा माणूस माईकवर उठतो, आधी आपल्याकडच्या डोंगरांची, मक्याची, सुंदर बायकांची फुशारकी मारतो आणि मग मतांचा आकडा सांगतो. इंग्रजी वर्णमालेत वायोमिंग सगळ्यात शेवटी. तिथवर गाडी येईपर्यंत निकाल केव्हाच लागलेला असतो, छताला टांगलेले विजयाचे फुगे खाली पडलेले असतात, आणि टीव्हीवाले जाहिरात लावून मोकळे झालेले असतात.

पाचव्या वेळी अर्डिस निघाली ती वेगळ्याच तिरीमिरीत. त्या वसंतात राज्याचा नवीन नकाशा आला होता आणि त्यावर डकेट नव्हतं. रस्ता होता, वळण होतं, वळणावरचा ओढासुद्धा होता. गाव गायब. तिनं राजधानीतल्या नकाशावाल्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, पन्नासाहून कमी वस्तीची ठिकाणं यापुढे दाखवली जाणार नाहीत, आणि डकेटची वस्ती एकोणपन्नास आहे.

"पन्नास आहे!" ती माझ्या काउंटरवर पत्र आपटून म्हणाली. "ट्वायलाच्या बाळाला धरलं नाही त्यांनी."

"अगं, मग लिहून कळव."

"तीनदा कळवलं. आता पुराव्याशिवाय पत्र पाठवू नका म्हणतात. पुरावा हवाय ना? साऱ्या देशाला ऐकवते."

मग ती वही घेऊन घरोघर फिरली. लोक हसत होते, पण नावं देत होते. ब्याण्णव वर्षांच्या इव्हार लिंडक्विस्टला तिनं बजावलं, "नवीन नकाशा छापून येईपर्यंत मरायचं नाही, कळलं का?"

"प्रयत्न करतो," इव्हार म्हणाला. "पण माझ्या गुडघ्याचं काही सांगता येत नाही."

मी तिला म्हटलं, "तुझ्या त्या सर्कशीत माझं नाव घेतलंस तर बघ."

"तुझं घेतलं नाही तर एकोणपन्नास होतील, गाढवा."

आणि ती दोन दिवसांच्या बसप्रवासाला निघून गेली.

तिथे काय झालं ते तिनं मला नंतर काउंटरवर बसून सांगितलं. वायोमिंगच्या मंडळींचा म्होरक्या दोन दिवस घोषणा देऊन देऊन घसा बसवून बसला होता. अर्डिसनं माईक मागितला तर तो कुजबुजला, "घे बाई, तसंही आपली पाळी येते तेव्हा साबण चालू असतो." पण त्या वर्षी दोन उमेदवारांमध्ये अशी काही रस्सीखेच झाली की राज्यामागून राज्यं पुकारली गेली तरी निकाल लागेना. शेवटून दुसरं राज्य संपलं तेव्हा पुढे असलेल्याला अकरा मतं कमी पडत होती. वायोमिंगकडे होती सतरा.

तेवढ्यात उमेदवाराचा एक माणूस गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आला. पस्तिशीचा, सूट असा की त्याला बसताना परवानगी काढावी लागत असेल.

"मॅडम, तुम्ही फक्त 'पास' म्हणायचं, म्हणजे पाळी पुढे ढकलायची. साहेबांच्या स्वतःच्या राज्यानं मतं राखून ठेवलीत. शेवटचा आकडा त्यांच्या घरच्या माणसांनी सांगितला की टीव्हीवर फार छान दिसतं."

"आणि आम्ही?"

"तुम्हाला लगेच पुन्हा बोलावू."

"जाहिरातीच्या आधी का नंतर?"

त्यानं घड्याळ पाहिलं.

"बाळा," अर्डिस म्हणाली, "मी सव्वीस वर्षं पोरांना वाढलंय. भूक नाही म्हणणारं पोर खिशात काय लपवतंय ते मला न बघता कळतं. जा, जागेवर बस."

इकडे माझा बार गच्च भरला होता. आमच्याकडे अजून ऊन होतं, मी पडदे ओढून घेतले होते. आणि वायोमिंग पुकारलं गेलं, जाहिरात लागली नाही, आणि पडद्यावर आमची अर्डिस आली. चर्चला जातानाचा निळा झगा, हातात वही. बारमध्ये एवढी शांतता मी बार उघडल्यापासून अनुभवली नव्हती.

"वायोमिंग राज्य," ती म्हणाली, "जिथे वारा थांबत नाही आणि माणसं तक्रार करत नाहीत..."

"कोण म्हणतं करत नाहीत?" इव्हार ओरडला. त्याला सगळ्यांनी गप्प केलं.

"...आपली सतरा मतं कोणाला ते सांगण्याआधी कळवू इच्छितं, की आमच्याकडे डकेट नावाचं गाव आहे. तिथे पन्नास माणसं राहतात. नकाशावाल्यांना ती सापडत नाहीत, म्हणून मी वाचून दाखवते."

आणि तिनं वाचायला सुरुवात केली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईनं गोड शेवटी ठेवलं होतं! आकडा तिच्या तोंडात. तो बाहेर येत नाही तोवर फुगे पडणार नाहीत, बँड वाजणार नाही, साबण लागणार नाही. माईक बंद करायची सोय त्यांच्याकडे होती म्हणे, पण आकडा न घेता बंद करणार कसा? तिच्यामागे तो सूटवाला दोन्ही हातांनी विनवण्या करताना दिसत होता. टीव्हीवरचा निवेदक गोंधळून म्हणाला, "ही बहुधा त्या राज्यातली एखादी जुनी प्रथा असावी."

ती सावकाश वाचत होती, वर प्रत्येकाला एकेक शेपूट जोडून. "इव्हार लिंडक्विस्ट, वय ब्याण्णव. इव्हार, आत बसला आहेस, टोपी काढ." म्हाताऱ्यानं टीव्हीकडे बघत मुकाट्यानं टोपी काढली. "मर्ल ग्रूव्हर, माझा नवरा, पेट्रोलमध्ये पाणी घालत नाही." मर्ल बुटांकडे बघत राहिला, पण कान लाल झाले होते. "हॉलिस क्रेमर. हा आमच्या पक्षाला मेला तरी मत देणार नाही. आत्ता सगळं गाव त्याच्याकडे बसलंय. हॉलिस, आवाज वाढव."

मी वाढवला. दुसरं काय करणार होतो? साऱ्या देशासमोर सांगितलं होतं तिनं.

शेवटी ट्वायलाच्या बाळाचं नाव झालं, तिनं वही मिटली आणि म्हणाली, "सतरा मतं. सगळीच्या सगळी," आणि ज्याला द्यायची त्याला देऊन टाकली. मग जे काही कोसळलं, फुगे म्हणा, कागद म्हणा, त्यात ती दिसेनाशी झाली. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना फुकट पाजली आणि वर दोन्ही पक्षांना शिव्या दिल्या. तो उमेदवार पुढे जिंकला की हरला ते विचारू नका, त्यावरून पक्ष कळेल.

ऑक्टोबरात राजधानीहून पत्र आलं. अर्डिसनं ते फोडलंही माझ्याच काउंटरवर, सगळ्यांसमोर, मोठ्या झोकात. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"काय म्हणतायत?"

"त्यांनी चित्रफीत मागवून दोनदा ऐकली. नावं एकोणपन्नासच आहेत म्हणतात."

ती मटकन स्टुलावर बसली. "मी कोणाला तरी विसरले. अख्ख्या देशासमोर विसरले. इथे बसून ऐकत असेल बिचारं माणूस, आता येईल, मग येईल..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. "इव्हार, तुझं घेतलं ना? ट्वायला, तुमचं? सगळ्यांचं?"

सगळ्यांचं घेतलं होतं. जो तो हेच सांगत होता. खरं म्हणजे आम्ही प्रत्येकानं आपापलं नाव तेवढं कान टवकारून ऐकलं होतं. मोजत कोणीच नव्हतं. मी वही मागितली आणि एकेका नावावर बोट ठेवत खाली आलो. शेवटपर्यंत आलो, आणि वही मर्लपुढे सरकवली.

बोलला तो मर्ल. "तुझं राहिलं."

"काय?"

"तुझं नाव नाही त्यात. एकोणचाळीस वर्षं सांगतोय, आधी बस आणि जेव."

अर्डिसनं वही ओढून घेतली, वरून खाली पाहिलं आणि डोळे पुसत हसायला लागली. "हात्तिच्या! एवढंच होय? मी घाबरले ना! माझं काय, मी तर तिथे उभीच होते."

ती हसली, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सव्वीस वर्षं गुरुवारी तिच्या हातचं खाल्लं मी, आणि टीव्हीसमोर बसून तिचं नाव आलं की नाही एवढंही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पत्रासोबत एक अर्ज होता. राहून गेलेली व्यक्ती खरोखर डकेटला राहते, असं दोन साक्षीदारांनी लिहून द्यायचं. दोघांपुरतीच जागा होती. आम्ही मागच्या कोऱ्या बाजूवर सह्या केल्या, समासात केल्या, ट्वायलाच्या बाळाचा पाय शाईत बुडवून ठसा घेतला. एकोणपन्नास साक्षीदार. माझी सही सगळ्यात वर आहे.

मे महिन्यात नकाशा आला. डकेट त्यावर आहे, दोन मैल चुकून. त्या हिशेबानं माझा बार तळ्यात आहे. इव्हारनं भिंग लावून तो ठिपका पाहिला, नकाशाची नीट घडी घातली, आणि आठच दिवसांनी गेला. शब्दाचा पक्का माणूस.

त्याला पुरल्यावर जेवण शाळेतच होतं. अर्डिस पहाटेपासून रांधत होती. चिली आणि दालचिनीचे रोल, गुरुवार नसताना. मी तिच्या हातातला डाव काढून घेतला, तर माझ्यावर खेकसली. मर्लनं तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. मग मी दारात उभा राहून बोटानं मुंडकी मोजली. एकोणपन्नास. आता खरोखरच एकोणपन्नास, पण नकाशावाल्यांना कळवायची आम्हाला काही घाई नव्हती. तेवढ्या ताटल्या मांडल्या आणि पहिली तिच्यापुढे नेऊन ठेवली.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं एक घास घेतला, हळूहळू चावला.

"मीठ कमी पडलंय," अर्डिस म्हणाली. "सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं कसं नाही?"