काशीला नेलेले चार टायर

काशीला जाताना लोक गंगाजलासाठी तांब्या नेतात. मी चार टायर नेले. साताऱ्याच्या स्टेशनवर ते ब्रेकव्हॅनमध्ये चढवताना हमालाने विचारलं, "गंगेत सोडायचेत का, साहेब?" मी हसलो नाही. कोयनेच्या जंगलात वीस वर्षं जीप चालवलेल्या माणसाच्या टायरची थट्टा मला खपत नाही.

टायर माझ्या मामेबहिणीसाठी होते. मंदा बनारसमध्येच जन्मली, वाढली आणि जनावरांची डॉक्टर झाली. लष्कराच्या लिलावात निघालेली जुनी फोर-व्हील जीप तिने घेतली आणि गंगेपलीकडच्या वाळूतल्या गावांना जायला लागली. पंच्याण्णव सालच्या जानेवारीत तिचं पत्र आलं. मागच्या खेपेला जीप रुतली, लशीभोवतीचा बर्फ वितळला आणि सगळी लस फेकून द्यावी लागली. गावचा मुखिया म्हणाला होता की महिनाअखेरच्या बुधवारी एकदाच जनावरं बांधून ठेवू, ऊन चढलं की चरायला सोडू, आणि मग पुन्हा कुणी बोलावणार नाही. पत्र वाचून मी लगेच रजा टाकली.

सोमवारी पोचलो. मैदागिनच्या चौकात, जीप उभी असते तिथेच टायर ठेवले, कारण पुढे गल्ल्यांतून सायकलही अंग चोरून जाते. बालाजी घाटामागच्या घरात मामींनी गरम चूडामटर (मटार घातलेले पोहे) समोर ठेवलं. वर ओलं खोबरं होतं, तेवढी आपली आठवण. पहिला घास घेतोय तोच त्यांनी विचारलं, "काशीला आलास, काय सोडणार?" इथे आलं की आवडीचा एखादा पदार्थ जन्माचा सोडायचा, ही आपली जुनी रीत.

"कारलं," मी म्हणालो.

"आवडतं ते सोडायचं रे! तुझ्या आईने आंबा सोडला होता."

मी विषय बदलला.

मंगळवारी माझे टायर चढवून आम्ही सरावाला निघालो. टायरवरचे रबराचे ते जाड, उठावदार ठोकळे पाहून मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. रामनगरकडचा पीपा पूल (लोखंडी पिंपांवर तरंगणारा पूल) ओलांडला. पलीकडे वाळू लागली. "आता बघ," असं म्हणून मी ॲक्सिलरेटर दाबला. पन्नास पावलांत जीप पोटावर बसली. मी जितका जोर लावला तितकी ती खाली गेली. खरबुजाची आळी करणारा एक शेतकरी हसत हसत बैल घेऊन आला. त्यातला एक बैल मंदाने मागच्या वर्षी मरणातून वाचवला होता. त्यानेच आम्हाला ओढून काढलं. लाजेने माझे कान तापले होते.

दुपारी आम्ही तिच्या ओळखीच्या टायरवाल्याकडे गेलो. रामधनी चाचांनी तोंडातलं पान एका गालात सरकवून माझ्या टायरवर बोट फिरवलं. "ई पंजा त खोदे बदे हौ, भइया. बालू में गाड़ी अपने कबर खोदी." (हे पंजे उकरण्यासाठीच आहेत, वाळूत गाडी स्वतःचीच कबर खणेल.)

मंदा दुकानाच्या मागे गेली आणि जुन्या ढिगातून चार टायर ओढून आणले. माझ्या टायरांपेक्षा रुंद, पण निम्मे झिजलेले आणि जवळजवळ गुळगुळीत.

"हे टकले टायर?" मी ओरडलोच.

"दादा, शेळी बालूत रुतते, ऊंट नाही रुतत. त्याचा तळवा देख, किती चौडा आणि नरम. हवा पण आधीच (निम्मीच) ठेवायची."

"हवा निम्मी केलीस तर टायर रिमवरून निसटेल!"

"हळू चालवलं तर नाही निसटणार. उद्या चुकलं तर त्या गावात मला कुणी पूछणार नाही. म्हणून टायर मी चुनणार."

तिचा आवाज चढला नव्हता. मी जॅक लावायला घेतला, पण मनातून धुसफुसत होतो. वीस वर्षांचा अनुभव एका उंटापुढे हरला होता.

बुधवारी पहाटे दाट कोहरा (धुकं) होता. पूल उतरल्यावर मंदा खाली वाकली, चारी चाकांची हवा सोडली आणि टायरचं पोट अंगठ्याने दाबून पाहिलं. मग स्टिअरिंगवर बसली. मी बाजूला, मांडीवर लशीचा डबा. ना जोर, ना झटका. एकाच संथ चालीने जीप वाळूवरून निघाली. कालचा खड्डा उजवीकडून मागे गेला. "दुसरा गिअर टाक" हे शब्द तीनदा माझ्या ओठांवर आले आणि तीनदा मी ते गिळले.

गाव दिसलं तेव्हा कोहऱ्यामागे सूर्य पिवळा होत होता. मुखियाने एक कालवड सोडलीच होती. आम्हाला पाहून तो थांबला.

"आ गइलू, डाक्टरनी?" असं म्हणून त्याने कालवड पुन्हा खुंट्याला बांधली.

दुपारपर्यंत गावातलं एकही जनावर लशीवाचून राहिलं नाही. मुखियाने माझ्याकडे बोट करून हे कोण म्हणून विचारलं. "भइया हैं हमारे. टायर के बड़े जानकार," मंदा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझी छाती अभिमानाने भरून आली. ही पोरगी आमच्या घरातली होती.

परतताना नदीपलीकडे मुन्शी घाट, राजा घाट उन्हात ओळीने उभे होते. मराठी माणसांनी इथे केवढे घाट बांधले, हे आपण घरी कौतुकाने सांगतो. त्या दिवशी मला त्यांच्यापेक्षा वाळूवरच्या त्या दोन चाकोऱ्यांचं कौतुक जास्त होतं. माझे टायर मी तिच्याकडेच ठेवून आलो.

घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, "काय सोडलंत काशीत?"

"टायरबद्दल सल्ला देणं," मी म्हणालो. तिला ते खरं वाटलं नाही.

पावसाळा सरता सरता मंदाचं पत्र आलं. पूर ओसरला होता, वाळूवर गुडघाभर गाळ बसला होता. "दादा, तुझे टायर चढवलेत. चिखलात त्यांच्यासारखे दुसरे नाहीत. वाळू उघडी पडली की माझे चढवीन." ते पत्र मी ऑफिसात, गॅरेजवर, शेजारीपाजारी, दिसेल त्याला वाचून दाखवलं.

"सोडलं होतंत ना?" बायको म्हणाली.

"सल्ला सोडलाय," मी म्हणालो. "बहिणीची बढाई नाही सोडलेली."