कांचनकाकूंची दह्याची पेटी

ऑगस्ट संपताना अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावातले विद्यार्थी घरं बदलतात आणि फुटपाथवर अख्खा संसार टाकून जातात. ईश्वरकाका मेश्राम तेव्हा बायकोला गाडीत घालून फेरी मारायचेच. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये मशिनं दुरुस्त करणारा माणूस, टाकलेलं काही दिसलं की हात शिवशिवायचे. सत्त्याण्णव साली त्यांनी एक छोटा, जुना फ्रिज उचलून आणला.

"आता हा कशाला हो? घरात पाय ठेवायला जागा नाही," कांचनकाकू म्हणाल्या.

"तुझ्या दह्यासाठी."

त्या फ्रिजला कॉम्प्रेसर नव्हता, बिस्किटाएवढी एक चकती होती. वीज एका बाजूने दिली की आतून थंड, उलटी दिली की गरम. काकांनी चकती, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पंखा सोडवला आणि थर्माकोलच्या खोक्यात बसवायला घेतला. मिशिगनच्या थंडीत दही लागत नाही, म्हणून काकू ओव्हनचा दिवा लावून पातेलं आत ठेवायच्या. विरजण त्यांनी नागपूरहून रुमालात वाळवून आणलेलं. गावातल्या आम्हा सगळ्या मराठी लोकांच्या घरी तेच.

बटण काकांनी काकूंच्या सवयीनं बसवलं. अमेरिकेत बटण वर केलं की चालू. काकूंचा हात मात्र इतक्या वर्षांनीही भारतातल्यासारखा आधी खालीच जायचा. फ्रिज चालू म्हणजे थंड, म्हणून खाली थंड, वर गरम, मध्ये बंद.

पेटी पुरी व्हायच्या आत ऑक्टोबरात काकू गेल्या. हार्ट अटॅक. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीला लोक जमले तेव्हा, काका हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते. कुणी जवळ घेतलं की उभे राहायचे, सोडलं की पुढची खुर्ची. मला तर रागच आला. माणसानं रडावं तरी!

जानेवारीत त्यांनी पेटी पुरी केली. काकूंचं शेवटचं विरजण फ्रीझरमध्ये जपलं होतं, ते सगळंच दुधात घातलं. दही छान लागलं. वाटी काढून त्यांनी पेटी बंद करून पुसली, वाटी परत आत ठेवली, थंड करायला सवयीनं बटण वर केलं आणि झोपले. रात्रभर तापून सकाळी वाटीत नुसतं पाणी आणि चोथा.

मला फोन आला. "मीनाक्षी, कांचनचं विरजण गेलं." घरातलं मीठ संपलंय, असं सांगावं तसा आवाज.

मी माझ्याकडची वाटी घेऊन धावले. "काका, टेन्शन घेऊ नका. हे काकूंचंच आहे. लावा परत."

"हो," म्हणाले आणि चमचा घेऊन उभ्या उभ्या खायलाच लागले. साखर नाही, मीठ नाही. वाटी तळाला आली.

"अहो काका, चमचाभर तरी ठेवा विरजणाला!"

त्यांनी वाटी बोटानं पुसून चाटली.

"तुम्हा सगळ्यांकडे आहे ना ती," ते म्हणाले. "मला खाऊ दे."