चिकूच्या वाळक्या फांद्या

आशागडच्या आमच्या वाडीत एक रीत होती. चिकूच्या वाळक्या फांद्या तोडल्या की त्या कामाला येणाऱ्या बायकांच्या. संध्याकाळी मोळी बांधून त्या घरी न्यायच्या. हे कधी कुणी ठरवलं, मला माहीत नाही.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मला घराघरांत स्वयंपाकाला काय जाळतात याची माहिती हवी होती. अनोळखी दारात उभं राहायचा धीर नव्हता, म्हणून वाडीत फळं निवडायला येणाऱ्या मावशींच्या घरी गेले. मागचाच पाडा. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती, तिच्यावर फुलाफुलांचा रुमाल, शेजारी बाटला. मी प्रश्नावलीत ‘गॅस आहे’वर खूण केली. मावशी मात्र चुलीवर तांदळाची भाकरी भाजत होत्या. धुरानं माझे डोळे भरून आले.

“इंग्लिश शाळेत धूर शिकवला नाही का गं ताई?” त्या हसल्या.

रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, “मावशी गॅस असून चुलीवर करतात. लाकूड फुकट मिळतं ना.” मला त्यांच्या डोळ्यांची काळजी होती, असं मी तेव्हा समजत होते. घरात मी फारशी बोलत नाही. त्या दिवशी बाबांनी हात थांबवून ऐकलं, त्याचंच मला बरं वाटलं.

पुढच्या तोडणीला तलासरीच्या वीटभट्टीचा टेम्पो आला आणि सगळी लाकडं भरून गेला.

मावशी रिकामी दोरी हातात धरून उभ्या होत्या. मी हळूच म्हटलं, “पण गॅस आहे ना?”

“बाटला होळीपासून रिकामा आहे. गाडी पाड्यात येत नाही. एका दिवसाची मजुरी बुडवून डोक्यावर कोण आणणार?”

मी ते विचारलंच नव्हतं.

बाबांकडे गेले. “भट्टीवाल्याला शब्द दिलाय,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी बघू.”

आता मावशी उजाडायच्या आत डोंगरावर जाऊन लाकडं आणतात, मग कामाला येतात. परवा फळं निवडताना शेजारणीला म्हणाल्या, “शेटला आमच्या गॅसचं कोणी सांगितलं कोण जाणे. त्याच्या चुलीत पाणी पडो!”

सगळ्या हसल्या. मावशींनी माझ्याकडेही पाहिलं. मीही हसले.