त्या दोघांचं फिरणं

मला माझ्या बायकोचा हेवा वाटत होता. आणि माझ्या बाबांचाही. दोघांचा, एकाच वेळी. बावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण आता लिहून टाकतो.

बाबा आरमोरीच्या पुढे आमच्या गावी राहतात. आई गेल्यापासून एकटेच. शेती बटईनं दिली आहे, तरी रोज सकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. मी चंद्रपूरला एका कचेरीत कारकून. गेल्या वर्षी धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपल्यावर डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी मी त्यांना घेऊन आलो. आठ-दहा दिवस राहतील असं वाटलं होतं. राहिले अडीच महिने.

आम्ही बाप-लेक फारसे बोलत नाही. भांडण कधीच नव्हतं, बोलायची सवयच नव्हती. फोनवर धान, तब्येत आणि बस एवढे तीन विषय, की फोन खाली. मी मनातल्या मनात धरून चाललो होतो की बाबा असेच आहेत, कोणाशीच बोलत नाहीत. त्या समजुतीनं मला बरं वाटायचं.

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बाजेवर किंवा खुर्चीवर बसत नाही. डोक्यावर पदर घेते, बसायचंच झालं तर खाली बसते, आणि बोलायचं ते दाराआडून. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण ‘मामाजी, ताट वाढलं’ यापलीकडे माझी बायको बाबांशी फार काही बोलली असेल असं मला वाटत नाही.

पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांना रोज थोडं बाहेर न्या, नुसतं घरात बसवू नका. हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी मान हलवली आणि कचेरीत गेलो. काम मला केव्हाही सापडतं. दोन दिवस वाट पाहून तिसऱ्या दिवशी बायकोच त्यांना घेऊन निघाली.

पहिल्या दिवशी काय झालं ते तिनं मला संध्याकाळी भाजी चिरता चिरता सांगितलं. बाबा ऑटोत मागे बसायला तयार नव्हते, कारण मागे सून. म्हणून ते पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर टेकले, एक पाय जवळपास बाहेर. तलावाजवळच्या बागेत एक बाक रिकामा होता. मामाजी बसतील म्हणून ती बाजूला उभी राहिली. तिचे गुडघे दुखतात हे बाबांना माहीत होतं, म्हणून ती उभी असताना ते बसेनात. ती खाली गवतात बसू लागली तर म्हणाले, ओलं आहे. अर्धा तास दोघं रिकाम्या बाकाच्या दोन टोकांना उभे. फिरायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “बसा ना. बाक कोणाचा राखून ठेवला का?”

मी हसलो. तीही हसली. तोवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनीच तोड काढली. बागेत एका जागी दोन बाक पाठीला पाठ लावून आहेत. ते एकावर तळ्याकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, “बाई, तू तिकडं तोंड करून बस. समोर बसायचं नाई, पाठीमागं चालते.” आणि चाललं. नियम मोडला नाही, गुडघेही सुटले. वर आणखी एक झालं, ज्याचा अंदाज त्या दोघांनाही नसावा. एकमेकांचं तोंड दिसत नसल्यामुळे दोघं बोलायला लागले.

मग रोज चार वाजता बाहेर. जटपुरा गेटाजवळचा चहा. जुन्या परकोटाच्या भिंतीकडेनं चालत जाणं, दर शंभर पावलांवर थांबून. एका मोठ्या कापडदुकानात लिफ्ट होती, तिच्यात बसून वर-खाली, काही न घेता. तिसऱ्या खेपेला दुकानातल्या माणसानं त्यांना पाणी आणून दिलं म्हणे. रेल्वेच्या पुलावर उभं राहून कोळशाच्या मालगाडीचे डबे मोजायचे, आणि आकडा जुळला नाही की वाद. “मामाजी, तुमचे दोन सुटले.” “माहे नाई सुटले, तुह्या डोळ्याले पट्टी लावा लागते आता.” हे जेवताना सुरू असायचं, ती दारात, बाबा ताटावर. मी मधे बसून वरण-भात कालवायचो. एकदा विचारलं, “काय झालं?” तर दोघं एकदम म्हणाले, “काही नाई.”

काही नाही कसं? माझ्या घरात मलाच काही नाही.

मग एक दिवस ती म्हणाली, “आत्याबाई एकदा रुसून माहेरी गेल्या होत्या, नदीपल्याड, तेव्हा मामाजी तीन वेळा नावेत बसले अन् तीनही वेळा अर्ध्यातून नाव परत फिरवली. शेवटी आत्याबाईच घाटावर आल्या.” मला ठाऊकच असणार असं धरून ती सांगत होती. मी म्हणालो, “माहीत आहे मला.”

मला माहीत नव्हतं. माझी आई रुसून गेली होती, माझा बाप नावेत घाबरला होता, आणि ही गोष्ट पन्नास वर्षं माझ्या घरात असून मला नाही, दुसऱ्याच्या लेकीला मिळाली. त्या रात्री झोप लागली, सकाळी मात्र उठल्या उठल्या तेच आठवलं. दाढी करताना वाटलं, मीही न्यावं बाबांना कुठेतरी. रविवारी विचारलंसुद्धा. म्हणालो, “चला, मी नेतो आज.” बाबा म्हणाले, “तुले सुट्टीचा एक दिवस राह्यते, आराम कर.” प्रेमानं म्हणाले असतील. मला ते नको म्हटल्यासारखं लागलं.

त्या आठवड्यात कचेरीच्या कामानं मी तळ्याकडून स्कूटरवर जात होतो. दोघं दिसले. पाठीला पाठ नाही, एकाच बाकावर, शेजारी. बाबांच्या डोळ्यांवर ऑपरेशननंतर मिळालेला हिरवा चष्मा. तिचा पदर खांद्यावर आलेला, आणि ती हसत होती. तोंडाला हात न लावता, मागे रेलून. मला ती तसं हसलेली आठवेना. माझ्याबरोबर तर नाहीच. मी गाडी हळू केली, हॉर्नवर अंगठा ठेवला आणि वाजवला नाही. पुढे निघून गेलो.

संध्याकाळी ती दळण आणायला गेली होती. बाबा खाटेवर. मी बूट काढता काढता म्हणालो, “बाबा, गावचे लोक इथी बाजाराले येतात. पाहतात ते. गावात बोलणं सुरू झालं आहे, सून डोक्यावर पदर घेत नाई, सासऱ्यासंग एका बाकावर बसते.”

“कोण म्हणलं?”

“म्हणतात लोक.”

कोणीही म्हटलं नव्हतं. गावचा एकही माणूस मला महिनाभरात भेटला नव्हता.

बाबा “हूं” म्हणाले. पायातल्या चपलेकडे पाहत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून तयार. म्हणे, मोहाची फुलं पडायची वेळ झाली, घर बंद ठेवणं बरं नाही. मी बसस्टँडवर सोडायला गेलो. तिनं डब्यात चिवडा दिला, तो त्यांनी तिच्याकडे न पाहता घेतला.

ते गेल्यावर ती मला म्हणाली, “त्या दिवशी मामाजीच म्हणले होते, मान दुखते वळून वळून, इकडंच बस. म्हणून बसली. पण राग आला असन त्यायले. नव्हतं बसाले पाहिजे मी.”

मी म्हणालो, “असू शकते.”

बाबांशी मी खोटं बोललो ते रागाच्या भरात होतं असं म्हणता येईल. हे दोन शब्द मी शांतपणे बोललो. समोर ती होती, स्वतःवर ठपका घेत होती, आणि मला बरं वाटत होतं.

पोळ्याला आम्ही गावी गेलो. ती पुन्हा दाराआड. पदर पूर्वीपेक्षा पुढे. “मामाजी, ताट वाढलं.” बाबा खाली मान घालून जेवले, हात धुतले, अंगणात गेले. मी विचार केला, आता दोघं माझ्याशी बोलतील. दोघंही बोलले नाहीत. घरात तीन माणसं, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज.

यंदा गावातल्या तपासणीत उजव्या डोळ्यातलाही मोतीबिंदू पिकलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, आता उशीर करू नका, नंतर अवघड जाईल. मी फोन केला. बाबा म्हणाले, “एका डोळ्यानं भागते.” पुन्हा केला. “भागते म्हणलं ना.” मग शेजारच्या पोराकडून कळलं की ते धुऱ्यावरून पडले, उजवीकडची बांधी, खालचं भातखाचर, दिसलीच नाही त्यांना. तेव्हा मी सुट्टी टाकली आणि एकटाच गावी गेलो.

अंगणात बाबा दोर वळत बसले होते. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. कोणी काही म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं. मला तुमच्या दोघांचं पाहवत नव्हतं.

त्यांच्या हातातला दोर थांबला. मग पलीकडच्या घराकडे हात करून म्हणाले, “त्याच्या ओसरीवर मी चाळीस वर्षं चहा पेलो. त्या महिन्यात तो चंद्रपूरले गेला होता, कापूस इकाले. मले वाटलं, यानंच पाह्यलं, यानंच गावात सांगतलं. वर्ष झालं, मी त्याच्याकडं पाय नाई ठेवला. त्यानं दोनदा इचारलं, काऊन रुसला. मी तोंड फिरवलं.”

हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी दोन माणसं तोडली असं समजत होतो.

“बाबा—”

“बाईले सांगतलं का?”

“नाई.”

“तिले पयले सांग. मग डोळ्याचं पाहू.”

परत येऊन मी तिला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ऐकून तिनं लाटणं ठेवलं नाही, उरलेल्या तीन पोळ्या लाटून, भाजून झाल्या. मग गॅस बंद केला. “म्हणजे मी वर्षभर घाबरून राह्यली, अन् तुम्ही पाहून राह्यले होते.” मी हो म्हणालो. “असू शकते म्हणले होते तुम्ही,” ती म्हणाली. तिला नेमके शब्द आठवत होते. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. तिनं विचारलं, “आरमोरीची पयली बस कितीले आहे?”

मी येतो म्हणालो. ती म्हणाली, “तुम्ही नका येऊ.”

काल सकाळी ती गेली. संध्याकाळपर्यंत दोघं परत येणार होते. चार वाजता फोन आला. “आज नाई येत आम्ही. मामाजीले घेऊन पलीकडच्या काकाजीकडं गेली होती मी, चहाले. आता ते जेवल्याशिवाय सोडत नाईत.” मागे दोन म्हाताऱ्यांचा आवाज येत होता, एकमेकांना शिव्या देत होते, आणि कोणीतरी मोठ्यानं हसलं. बाबाच असावेत. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना ऐकलेलं नाही, म्हणून खात्री नाही.

“काकाजी विचारून राह्यले, तुम्ही काऊन नाई आले,” ती म्हणाली.

“काय सांगतलं?”

“अजून काही नाई. तुम्हीच सांगा त्यायले, पुढच्या खेपेले.”

फोन ठेवला. परवा डॉक्टरांची वेळ आहे, मी अर्धा दिवस रजा लिहून ठेवली. मग भात लावला, एकट्यापुरता. ती तिकडे कोणाच्या ओसरीवर बसली असेल, खाली की बाजेवर, काय बोलत असतील, आईची आणखी कुठली गोष्ट आज निघाली असेल, हे मनात येत राहिलं. मला तिथे असायचं होतं. आणि मी नसतानाच ते इतके खुश आहेत, याचा कालही मला हेवा वाटला.