एकाच घरातली दोन घराणी

आमच्याकडे मुलीला स्थळ आलं की मुलाचा पगार नंतर विचारतात. आधी विचारतात, आई कुठली, मामा कुठले, आजोळ कुठल्या गावचं. पाहुण्यांचा चहा संपायच्या आत चार पिढ्या काढून होतात. पण माणसाच्या छातीत गुपचूप बसलेल्या जंतूचंही असंच कूळ काढता येतं, हे कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता सांगणारी मीच आहे, आणि सांगताना अजून अंगावर काटा येतो.

मी तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. दिवसभर गोळ्यांच्या बाटल्या हाताखालून जातात. अशा बाईला टीबी व्हावा, यावर माझ्या मैत्रिणी पोट धरून हसल्या, आणि मग लांब जाऊन डबा खायला लागल्या. घर आमचं समुद्राकाठी, बोईसरहून रिक्षाने जाण्याइतकं जवळ. बाबा तांडेल, म्हणजे समुद्रात गेल्यावर बोट त्यांच्या शब्दावर चालते. आई बोईसरच्या बाजारात मासळी विकते.

दिवाळीनंतर मला खोकला लागला, संध्याकाळचा ताप यायला लागला, ड्रेस अंगावर लोंबायला लागले. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली आणि निदान झालं. सहा महिने गोळ्या. त्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

लहानपणापासून बाबा जेवायला स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी बसायचे. सरंग्याचा मधला तुकडा स्वतःच्या ताटात घ्यायचे, काटे काढायचे आणि माझ्या ताटात सरकवायचे. मी कमवायला लागले तरी त्यांची ही सवय सुटली नव्हती. निदान झालं त्या दिवशी दुपारी त्यांनी ताट उचललं आणि पडवीत जाऊन बसले. दवाखान्यात सांगितलं होतं, की हा आजार ताटवाटीने पसरत नाही, बंद जागेत एकाच्या श्वासातून दुसऱ्याला होतो. मी तसं बाबांना सांगितलं. "पडवीत वारा बरा लागतो," म्हणाले. मी गप्प बसून झुरणाऱ्यांतली नाही. भांडी आपटली, आईशी भांडले, पण ताट काही आत आलं नाही. जन्मदाता बाप आपल्याला टाळतो, हे मी तेव्हापासून गिळत होते.

मी खडखडीत बरी झाले आणि पुढच्या पावसाळ्यानंतर बाबांच्या थुंकीत रक्त आलं. डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? "दहा-पंधरा दिस झालं असतील," बाबा म्हणाले. एक्स-रे बघून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, पण औषध त्याच दिवशी सुरू झालं. शेजारच्या घरातली आत्या नळावर चारचौघींत बोलली, "पोरीनं कंपनीतना आनला नि बापाला दिला."

माझी जीभ तिखट आहे. उत्तर द्यायला मी कधी उशीर करत नाही. पण आत्याला मी काही बोलले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

त्या सुमारास आमच्या पट्ट्यात संशोधनाचं एक काम चाललं होतं. किनाऱ्यावरची गावं, बेटेगावकडच्या कंपनी कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, मासवणकडचे पाडे, जिथे जिथे टीबी सापडेल तिथला जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा आणि तो वाचायचा. हो, वाचायचाच. माझ्यापेक्षा लहान दिसणारी एक डॉक्टरीण हे काम बघायची. माझा नमुना तिच्याकडे आधीच होता. ती मला म्हणाली, या जंतूच्या पोटात चव्वेचाळीस लाख अक्षरं आहेत, पण अक्षरं चारच प्रकारची, तीच पुन्हा पुन्हा. एकाचे दोन जंतू होताना सगळी अक्षरं पुन्हा उतरवली जातात. क्वचित कधी एखादं अक्षर चुकतं. मग ती चूक त्याच्या लेकरांत, नातवंडांत तशीच उतरत जाते.

मला लगेच आमच्या जाळ्याची गाठ आठवली. बाबा जाळं विणायला त्यांच्या डावखुऱ्या मामाकडे शिकले, म्हणून त्यांची गाठ उलटी बसते. बाबांकडे जे शिकले त्या सगळ्यांची तशीच बसते. फाटकं जाळं कुठे किनाऱ्याला लागलं तर गाठ बघून आमच्या आळीचं म्हणून ओळखतात. म्हणजे हा डोळ्यांना न दिसणारा जीवही आपल्या मामाची चूक जपून ठेवतो. मी घरी आले, तांदूळ निवडायला घेतले आणि सुपाकडे बघत किती वेळ नुसती बसून राहिले.

मग मनात आलं, की याने बाबांचंही कळेल. बाबांचा जंतू वाढवून ठेवला होता. तो वाचून माझ्या जंतूशी ताडून बघायला फक्त त्यांचा होकार हवा होता.

"नाय," बाबा म्हणाले. "औषद देतान ना? मंग बास. बाकीचा पंचनामा कशाला पायजे?"

मी समजावलं, चिडले, अबोला धरला. त्यांचं नाही ते नाहीच. मला वाटलं, मला वाचवायला नाही म्हणताहेत. शेवटी एकदा ते अंगणात जाळं सांधत बसले होते, तेव्हा मी फुटलेच. म्हटलं, "मीच दिला ना तुम्हाला? मग होऊ दे की शाबीत. एकदाची रडून मोकळी तरी होईन."

बाबांचा हात थांबला. माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी भलत्याच भाषेत बोलत होते. दुसऱ्या दिवशी स्वच्छ सदरा घालून, मला न सांगता, दवाखान्यात जाऊन सही करून आले.

निकाल यायला इतके दिवस गेले की बाबांचं औषधही संपत आलं. डॉक्टरीणबाईने आम्हा दोघांना बोलावलं. एरवी कुणाचं कुणाशी जुळलं हे ती रुग्णांना सांगत नाही. आम्ही एका घरातले आणि दोघांनी मिळून विचारलं, म्हणून आमच्यापुरतं सांगणार होती. तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पडद्यावर एक झाड आडवं पडलं होतं. फांद्यांच्या टोकाला ठिपके, एक ठिपका म्हणजे एक माणूस. नाव कुणाचंच नाही, फक्त कुठल्या भागातला ते लिहिलेलं.

"हा तुमचा," तिने मला खाली एका कोपऱ्यात दाखवलं. "आणि हा बाबांचा." बोट पार वरच्या टोकाला गेलं.

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या दोघांच्या जंतूंचं जवळचं काही नातं नाही. शेकडो अक्षरं वेगळी आहेत. कुणी कुणाला दिला हे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. पण कुणी दिला नाही, हे सांगू शकतो. तुम्ही बाबांना दिला नाही. बाबांनी तुम्हाला दिला नाही."

मी त्या फांद्या मागे मागे बघत गेले. माझा ठिपका बेटेगावच्या खोल्यांतल्या काही ठिपक्यांजवळ होता, आणि त्यांच्यात एक पार मासवणकडचा. बाबांची फांदी वेगळीच. दोन्ही फांद्या जिथे भेटत होत्या, ती जागा शेकडो वर्षं मागे असेल, असं ती म्हणाली. तारापूरचा किल्ला तेव्हा होता की नव्हता कुणास ठाऊक. तेव्हा कुणीतरी खोकलं असेल, कुणीतरी शेजारी बसून ऐकलं असेल. त्या दोघांचं नाव, गाव, बोली, काही उरलं नाही. त्यांचा तो श्वास मात्र माणसामाणसांतून चालत आमच्या एका घरात दोन वाटांनी आला, आणि आपली प्रत्येक चूक लक्षात ठेवून आला. भीती वाटायला हवी होती. मला हात जोडावेसे वाटले, कुणाला ते माहीत नाही.

"बाबांच्या ठिपक्याला लागूनच," डॉक्टरीण म्हणाली, "तुमच्याच किनाऱ्यावरचे—"

"कोनाचा ता नका सांगू, बाय," बाबा घाईने म्हणाले.

ती म्हणाली, सांगणार नव्हतेच. पण बाबांना उमगलं होतं. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या, की ताडपत्रीखाली दाटीवाटीने बसून सगळे जाळी सांधतात. तिथे कोण कोण खोकत होतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते नाव आजतागायत तोंडातून काढलेलं नाही.

बाहेर आलो तर बाबा दवाखान्याच्या पायरीवरच बसले. मला वाटलं चक्कर आली.

"माजा खोकला तुज्या आदीचा हाय," ते म्हणाले. "तुला ताप याच्या आदीपासना. बिडीचा म्हून लपवला. डाक्टरला पन खोटा बोललो. मना वाटलं, मीच तुला दिला. म्हून तं भायेर जेवाय बसलो. तुज्या अंगावर माजा वारा नको."

"मग सही कशाला केलीत?" मी विचारलं. "तुमच्यावर शाबीत झालं असतं तर?"

"झाला असता तं झाला असता. तू तं सुटली असतीस."

समोर रस्त्यावर रिक्षावाला बोईसर, बोईसर ओरडत होता. मी सगळ्या दवाखान्यासमोर मोठ्याने रडले, आणि बाबांनी मला गप्प केलं नाही.

त्या दुपारी आईने सरंगा केला होता. मी माझं ताट घेऊन बसले. बाबांनी हात धुतले, सवयीने ताट उचललं, पडवीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मग मागे फिरले. माझ्या शेजारी पाट ओढला, बसले. बराच वेळ मान खाली घालून मधला तुकडा कोरत राहिले.

"खा," तो माझ्या ताटात सरकवत म्हणाले. "काटं काडलंन."