शोभेचं हँडल

फौजेत माझं काम गाड्यांचं. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, रँक हवालदार, गाव उंब्रज. राजस्थानची वाळू आणि काश्मीरचा बर्फ बघून झाल्यावर नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी साताऱ्याजवळच्या एका छोट्या ट्रेनिंग डिटॅचमेंटवर पोस्टिंग आलं. नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. घर तासाभरावर. सगळे म्हणाले, जाधव, तुला लॉटरी लागली. मलाही तसंच वाटलं.

डिटॅचमेंटची फायरिंग रेंज औंधच्या दिशेला, एका उघड्या टेकडीच्या पायथ्याशी होती. महिन्यातला एक रविवार ती एका रायफल क्लबला मिळायची. क्लबचे मेंबर म्हणजे डॉक्टर, वकील आणि ऊसवाले बागायतदार. त्यांना नेमबाजीचा शौक होता आणि त्याहून मोठा शौक जीपचा. आम्ही लिलावात काढलेल्या जीपा हे लोक घ्यायचे, हिरवा रंग द्यायचे, मागे रायफली ठेवायला मखमलीचे कप्पे करून घ्यायचे. त्यांच्या गाड्या आमच्यापेक्षा जास्त फौजी दिसायच्या. हौसेला मोल नाही म्हणतात, पण हौसेची गाडी चालू ठेवायला मेकॅनिक लागतोच. तो मी होतो. रविवारी कुणाचं ना कुणाचं बॉनेट उघडं असायचं आणि त्यात माझं डोकं. साहेब लोक नावानं हाक मारायचे, खांद्यावर हात टाकायचे. मला ते आवडत होतं, हे आधीच सांगून टाकतो.

क्लबचे अध्यक्ष बापूसाहेब. त्यांच्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून मीच डिझेल इंजिन बसवलं होतं. जुनं इंजिन पुढून हँडल मारून चालू करता येई, नव्याला ते बसेना. बापूसाहेब म्हणाले, हँडल काढू नको, त्याच्याशिवाय जीपला रूप नाही. मग मी त्याला क्रोम चढवून आणलं आणि बंपरला वेल्डिंग करून टाकलं. ते फिरायचं नाही, नुसतं चमकायचं.

नाईक सदाशिव कांबळे बट पार्टीचा प्रमुख होता. बट म्हणजे टार्गेटच्या खालचा खंदक. तिथं बसून टार्गेट वर करायचं, खाली घ्यायचं, भोकं मोजून फील्ड टेलिफोनवर सांगायची. डोक्यावरून गोळ्या जातात. कांबळे शिराळा तालुक्यातला, माझ्याहून सात वर्षांनी लहान, मला उस्ताद म्हणायचा. ते हँडल पहिल्यांदा बघून तो म्हणाला, "उस्ताद, ही तर नवरदेवाची कट्यार हाय. मिरवायची, उपसायची न्हाई." मी हसलो.

डिसेंबरमध्ये क्लबची वार्षिक स्पर्धा ठरली. रेंजची स्टँडिंग ऑर्डर स्पष्ट आहे. फायरिंग चालू असताना कॅज्युअल्टीसाठी एक गाडी तयार पाहिजे, तोंड रस्त्याकडे, ड्रायव्हर शेजारी. आमचा वन-टन ट्रक पार्टसाठी दोन आठवडे बंद उभा होता. रेंजचे इनचार्ज सुभेदारसाहेबांनी मला विचारलं, काय करायचं? मी म्हणालो, बापूसाहेबांची जीप धरू. सेफ्टी सर्टिफिकेटवर 'गाडी उपलब्ध, रोडवर्दी', म्हणजे रस्त्यावर धावायला लायक, असं मी लिहिलं आणि सही केली. सकाळी सव्वासातला जीप एका सेल्फमध्ये चालू झाली.

पावणेआठला लाउडस्पीकरवाला आला. त्याची बॅटरी उतरलेली. बापूसाहेब म्हणाले, जाधव, जीपची दे. फोटोत यावी म्हणून त्यांनी जीप मांडवाला लावून घेतली होती, तोंड टेकडीकडे. मांडववाल्यानं एक दोर बंपरलाच बांधला होता. मी बॅटरीला क्लिपा लावल्या. लावताना मला कळत होतं, ही बॅटरी उतरू शकते. उद्घाटनाची अर्ध्या तासाची बाब आहे, मग काढू, असा विचार केला.

भाषणं दहापर्यंत चालली. मग निकाल पुकारणं, मधे गाणी. अकराच्या सुमाराला मला स्टेजवर बोलावून 'आमच्या जीपांचे डॉक्टर' म्हणून नारळ आणि टॉवेल दिला. मी तो मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो. क्लिपा काढायला उठलो नाही.

अकरा बेचाळीसला फील्ड टेलिफोन वाजला. सुभेदारसाहेबांनी उचलला.

"बट्स टू फायरिंग पॉइंट. फायर बंद करा. कॅज्युअल्टी."

"कौन?"

"नाईक कांबळे."

एक गोळी टार्गेटच्या लोखंडी फ्रेमला घासली आणि फ्रेमची कपची खंदकात उडून कांबळेच्या जांघेत घुसली होती. गोळी कुणाची ते कळलं नाही. त्या माणसाला मी दोष देत नाही, रेंजवर असं होऊ शकतं. म्हणून तर गाडी ठेवतात. क्लबचे एक डॉक्टर पळत खंदकात उतरले आणि दोन्ही हातांनी जखम दाबून बसले. पट्टा आवळायला जागाच नव्हती, जखम फार वर होती.

मी सेल्फ मारला. एकदा टक् झालं आणि पुढे काहीच नाही. लाउडस्पीकर मात्र अजून खरखरत होता. कुणीतरी ओरडलं, हँडल मारा की. मी त्या चमकणाऱ्या हँडलकडे बघितलं आणि सांगितलं, ते मारता येत नाही. दुसरी गाडी आत नव्हती. बाकीच्या सगळ्या नियमाप्रमाणे दोन किलोमीटरवर गेटबाहेर उभ्या होत्या. एक जवान तिकडे पळत सुटला.

आम्ही दोर कापला. मांडवाची एक बाजू खाली आली. जीपचं तोंड चढाकडे आणि जमीन नांगरटीसारखी मऊ. आठ जणांनी ती उचलून उचलून फिरवली. उताराला लावून ढकलली, पहिल्या वेळी चाकं घसरली. परत मागे ओढली. दुसऱ्या वेळी इंजिन धरलं. गेटकडून दुसरी गाडी धूळ उडवत येताना दिसली तेव्हा आमची चालू झाली होती. अकरा अठ्ठावन्न. सोळा मिनिटं.

कांबळेला मागे मखमलीवर झोपवलं. डॉक्टर जखमेवरचा हात न काढता शेजारी गुडघ्यावर. मी चालवत होतो.

"उस्ताद, झाली का चालू?" मागून आवाज आला.

"झाली, गड्या."

"मग बरं."

बारा एकवीसला डॉक्टरांनी हात काढला. सातारा अजून यायचा होता. मी हॉस्पिटलच्या दारापर्यंत त्याच वेगानं गाडी नेली.

दुसऱ्या दिवशी पार्थिवासोबत एस्कॉर्ट म्हणून मीच त्याच्या गावी गेलो. लहान घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्याखाली सदाशिवचा युनिफॉर्ममधला फोटो. बायको आत होती. सगळं उरकल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"तितं गाडी हुती न्हवं?"

"हुती, आबा."

"मग?"

मी म्हणालो, जखम लय मोठी हुती. ते खोटं नव्हतं. पण डॉक्टरांनी परतीच्या वाटेवर मला सांगितलं होतं, पंधरा मिनिटं आधी निघालो असतो तर वाचला असता असं म्हणता आलं असतं. ते मी गिळलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजरसाहेबांनी विचारलं, गाडी उपलब्ध होती? येस सर. सकाळी चालू झाली होती? येस सर. लाउडस्पीकरचं कुणी विचारलं नाही. सुभेदारसाहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. आपलेच दात, आपलेच ओठ. कागदावर आलं की गाडी उपलब्ध होती. माझी सही तिथंही आहे.

रिटायर होऊन उंब्रजला हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं. कांबळे गेल्यावर सहा वर्षांनी एका सकाळी तीच जीप दारात आली, दुसऱ्या गाडीनं ओढत. बापूसाहेबांचे केस पिकले होते. म्हणाले, सेल्फचं बघ, रविवारी स्पर्धा आहे, यंदा कांबळेच्या नावाची ढाल ठेवलीय आणि ती ह्याच जीपमधून वाजतगाजत न्यायची आहे. हँडलला नवीन क्रोम केलेलं होतं.

"ही गाडी माझ्या हातनं चालू हुनार न्हाई, बापूसाहेब."

"का रं? तूच बांधलीस न्हवं?"

"व्हय. म्हणूनच."

ते गेल्यावर मी गॅरेज बंद केलं आणि शिराळ्याची एसटी धरली. वडील अंगणात बसले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बॅटरी, क्लिपा, नारळ, हँडल, सोळा मिनिटं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाले, "जीपला सोळा मिन्टं लागली. तुमास्नी सा वर्सं."

त्यांनी मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. शेवटची एसटी निघेपर्यंत मी त्या अंगणात उभा होतो.

सदाशिव लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या स्मारकावर नाही. एका ढालीवर आहे, आणि ती ढाल दर वर्षी कुणीतरी हौशी माणूस जिंकून घरी नेतो. म्हणून इथं लिहून ठेवतो. नाईक सदाशिव कांबळे, वय एकतीस, बट पार्टी. गाडी चालू झाली का, एवढंच त्यानं विचारलं होतं.