मी काढलेला शुक्राचा फोटो

माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या हो, पण एक चूक अशी, की ती माझ्या बहिणीच्या लग्नात पोटभर जेवून गेली! चहा टाकलाच आहे तर ऐका. फक्त हसायचं ते शेवटी हसा, आधी हसलात तर मी मधेच उठून जाईन.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव बीबी, तिकडं लोणारजवळ. मला मलकापूरच्या शाळेत शास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि आई, धाकटी बहीण मंदा आणि मी तिथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. वडील नव्हते. म्हणजे घरातला कर्ता मी. वय सव्वीस, अक्कल त्याहून बरीच कमी.

मला नाद होता आकाशाचा. मोडीच्या बाजारातून दोन भिंगं मिळवली, पत्र्याचं काम करणाऱ्याकडून लांब नळी करून घेतली आणि मागच्या अंगणात दुर्बीण उभी केली. आईनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, "बापू, एवढी मोठी फुकणी कोणत्या चुलीसाठी केली रे?"

पण मला नुसतं पाहायचं नव्हतं, फोटो काढायचे होते. एक जुना पेटीचा कॅमेरा होता. तो दुर्बिणीच्या मागं सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधायचा, झाकण उघडायचं, वीस आकडे मोजायचे, झाकण बंद. चंद्राचा फोटो छान आला होता. म्हणजे चंद्र आहे असं सांगितलं की ओळखू यायचा.

असं सगळं सुखात चाललं असताना मंदाचं लग्न जमलं. मुलगा नागपूरला नोकरीला, वडील नारायणराव इथंच मलकापूरला रेल्वेत. मोठे अबोल गृहस्थ. हाताला कायम घासलेटचा वास. मुलगा पाहायला आला, तेव्हा मंदानं दिलेला चहा त्यानं साखर नसताना गोड म्हणून पिऊन टाकला. साखर घालायची ती विसरली होती! तो गेल्यावर तिला कळलं आणि ती दोन दिवस उगीच हसत होती. मला तेवढ्यावरून सगळं समजलं.

आणि मग आडवा आला शुक्र.

मुलाच्या आईचा निरोप आला: "शुक्राचा अस्त लागला. आता लग्न तुळशीच्या लग्नानंतर." तुम्हाला माहीत असेलच, शुक्र सूर्याजवळ जाऊन दिसेनासा झाला की आपल्यात लग्नं लावत नाहीत. त्यात तो उगवेपर्यंत चातुर्मास लागणार होता. म्हणजे सरळ सहा महिने थांबणं आलं. आणि तिकडं मुलाचा मामा आपली मुलगी देतो म्हणून मागं लागलेला! सहा महिन्यांत मामानं काय नसतं केलं?

मंदा उशीच्या अभ्र्यावर दोन मोर भरत होती, ते काम तिनं एका मोरावर थांबवलं आणि अभ्रा घडी करून पेटीत ठेवला. वडील असते तर त्यांनी काहीतरी केलं असतं, असं मला सारखं वाटायला लागलं.

मग मी काय केलं? मी शास्त्राचा मास्तर! म्हटलं, पंचांगात काहीही छापतात. शुक्र दिसतो का नाही, ते दुर्बिणीला विचारू. फोटोच नेऊन विहीणबाईंच्या हातात देऊ.

"दादा, नसला त?" मंदानं विचारलं.

"नसाले काय झालं? तो का माह्याले भिऊन राह्यला?"

त्या संध्याकाळी मी दुर्बीण पश्चिमेला लावली. आमच्या अंगणातून त्या बाजूला कापसाच्या जिनिंगचं भलंमोठं छप्पर दिसायचं, त्यापलीकडचं काहीच नाही. सूर्य बुडाला. अंधारायला लागलं. आणि छपराच्या वर, वीतभर अंतरावर, एकदम लकाकला की!

"मंदे! धाव! शुक्र!"

मंदा आली, आई आली. पांढरा, गोल, तेजस्वी. आईनं तर हात जोडले.

तीन संध्याकाळी मी तो शुक्र पाहिला आणि वहीत नोंदी केल्या. शास्त्र म्हणजे नोंदी! पहिली नोंद: दिसण्याआधी शुक्रासमोरून एक काळी सावली हलते, बहुधा ढग. दुसरी नोंद: मधेच चार-पाच मिनिटं शुक्र नाहीसा होतो, पुन्हा येतो, बहुधा दुसरा ढग. वैशाखात, आभाळ निरभ्र असताना ढग! तिसरी नोंद: तीन दिवसांत शुक्र केसभरही हलला नाही, यावरून दुर्बिणीचा स्टँड किती भक्कम बसवला आहे ते कळते. खरं सांगतो, ही नोंद लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

तो मावळताना पाहिला का? नाही. आई जेवायला वाढायची. ताट थांबवलेलं तिला खपायचं नाही.

फोटो धुऊन आला. काळ्याभोर कागदावर पांढरा टिकला, आणि त्याच्या डोक्यावर उभी एक अंधुक रेघ. रेघ म्हणजे भिंगातला दोष, असं मी ठरवलं. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, हे मी दर वर्षी आठवीच्या पोरांना शिकवत होतो, बरं का!

रविवारी फोटो घेऊन नारायणरावांच्या घरी गेलो. विहीणबाई पदर सावरून समोर बसल्या. मी वहीतल्या नोंदी वाचून दाखवत चांगलं अर्धा तास भाषण ठोकलं. त्या म्हणाल्या, "मले त्यातलं काई समजत नाही. हे काय म्हणतात ते पाहा."

नारायणरावांनी फोटो हातात घेतला. पाहिला. मग तो उलटा केला, म्हणजे खालची बाजू वर. पुन्हा पाहिला. बराच वेळ.

"मास्तर, हा कोठून काढला?"

"आमच्या मागच्या अंगणातून. जिनिंगच्या छपरावर दिसते."

"दिवेलागणीले?"

"हाव. अगदी ठरल्या टायमाले."

"बरोबर हाये," ते म्हणाले. मग बायकोकडं वळले. "याले मी चांगला ओळखतो. इतक्या वर्षांत एक दिवस चुकला नाही हा. तू लग्नाची तयारी कर."

झालं! नवऱ्यानं एवढं छातीठोक सांगितल्यावर विहीणबाईंचा प्रश्न मिटला. गुरुजींनी जरा कुरकुर केली, पण दोन्ही घरं राजी आहेत म्हटल्यावर काढीव मुहूर्त दिला. मंदानं दुसरा मोर एका रात्रीत भरला. लग्न लागलं. मंगलाष्टकं चालू असताना मी पाहुण्यांना फोटो दाखवत फिरत होतो! मुलाच्या मामालाही दाखवला. त्यानं तो बघून पुढं सरकवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा आणि मंदा नागपूरकडच्या पॅसेंजरनं निघाले. आई रडत होती, मंदा रडत होती, मी रडत नव्हतो. मला फक्त दिसत नव्हतं काही. डोळे पुसून वर पाहिलं, तर फलाटाच्या शेवटी, रुळांवर, माझा शुक्र!

"नारायणराव, तो पाहा! मंदाले निरोप द्याले आला."

एवढ्यात घंटा झाली. खट्ट असा आवाज आला आणि शुक्र विझला. मी त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याच्या खाली एक उंच खांब होता. खांबाला हात होता. आणि तो हात खाली पडला होता.

मी बीबीचा माणूस हो! बीबीला रेल्वे कुठली? सिग्नल मी पाहिला होता, पण गाडीत बसून, समोरून, लाल आणि हिरवा. त्या दिव्याला मागच्या अंगानं एक गोल भोक असतं, दिवा जळतोय का ते स्टेशनातून कळावं म्हणून, आणि गाडीसाठी हात पडला की ते भोक झाकलं जातं, हे मला कोण सांगणार?

गाडी आली. मंदा चढली. खिडकीतून तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "दादा, तू होता म्हणून झालं रे." गाडी गेली.

मग मी नारायणरावांकडं वळलो. नुसतं त्या खांबाकडं बोट केलं.

"रोज संध्याकाळी मीच चढतो त्याच्यावर," ते हळूच म्हणाले. "घासलेट भरतो, बत्ती लावतो. ते शुक्रासमोरची सावली लिहिली ना वहीत? तो मी."

"मंग तुमी बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो त पोरगी हातची गेली असती." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तीन दिवस वरून पाहत होतो मास्तर तुमाले. छपरापलीकडं तुमचं अंगण दिसते मले. माय ताट वाढून हाका मारते, अन् हा माणूस बहिणीसाठी नळीचा डोळा सोडत नाही. म्हटलं, असा भाऊ ज्या घरात हाये, तिथलीच सून करू. शुक्राचं मी पाहून घेईन."

घासलेटचा तो वास मला त्या दिवशी अत्तरासारखा वाटला. खरंच सांगतो.

तर मंदा राखीला आली. नारायणराव बत्ती लावून चहाला आले. आम्ही सगळे अंगणात बसलो होतो, पावसानं जरा उघडीप दिली होती. जिनिंगच्या छपरावर आमचा जुना दिवा होता, आणि त्याच्यापेक्षा जरा वर, अजून एक. जास्त पांढरा, जास्त तेजस्वी.

आता मी काय पुन्हा फसणार होतो? मी पाय लांब केले, चहाचा घोट घेतला आणि जाणकारासारखं म्हटलं, "व्याहीबुवा, रेल्वेनं दुसरा सिग्नल कधी बसवला?"

मंदानं तोंडाला पदर लावला. नारायणरावांनी वर पाहिलं, बशी खाली ठेवली.

"मास्तर," ते म्हणाले, "त्याच्यात मी घासलेट नाही टाकत."